विमान उडाल्यावर मिनिटभरात कोसळले, तर तपासात नेमके काय पाहतात?

तळोजाकर

नमस्कार मंडळी. प्रश्न थोडा लांबलचक आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो.

माझा पुतण्या व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी दुसऱ्या राज्यातील एका प्रशिक्षण संस्थेत शिकतो. गेल्या महिन्यात त्या संस्थेचे एका इंजिनाचे सेसना विमान उड्डाणानंतर मिनिटभरातच धावपट्टीपलीकडच्या शेतात कोसळले आणि त्यातील प्रशिक्षक व विद्यार्थी दोघेही गेले. संस्थेचे आणि गावाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण चौकशी चालू आहे आणि गेलेल्यांच्या घरची माणसेही कदाचित हे वाचतील. संस्थेने काही दिवस उड्डाणे थांबवल्यामुळे पुतण्या सध्या आमच्याकडे खारघरला आला आहे. मुलगा मुळात बोलका, पण आता जेवताना मान वर करीत नाही. शेतातल्या कुणीतरी मोबाइलवर टिपलेली ११ सेकंदांची चित्रफीत त्याच्याजवळ आहे. कानात इअरफोन घालून तो ती पुन्हा पुन्हा लावतो, आणि फोन मात्र टेबलावर पालथा ठेवलेला असतो.

अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी ‘इंजिनात बिघाड झाल्याने विमान कोसळले’ असे छापून आले. मी तळोजा औद्योगिक वसाहतीत ३१ वर्षे देखभाल विभागात काढली. बॉयलरची एखादी नळी फुटली, तर तिचा तुकडा प्रयोगशाळेतून तपासून येईपर्यंत आमच्याकडे कारणाच्या रकान्यात कुणी पेन टेकवीत नसे. येथे एका रात्रीत कारण कसे ठरले, हे मला उमगत नाही. एवढ्या लहान विमानात ब्लॅक बॉक्स नसतो असे पुतण्या सांगतो. मग तपास करणारे पाहतात तरी काय? शिवाय इंजिन बंद पडले असे धरून चालले, तरी धावपट्टी पाठीमागेच होती. अनुभवी प्रशिक्षक शेजारी बसलेला असताना विमान वळवून परत उतरवता का आले नाही? जाणकारांनी, घाई नसेल तेव्हा, सविस्तर लिहावे.


जुना एएमई, कोपरखैरणे

तळोजाकर साहेब, तुमच्या बॉयलरच्या नळीवरूनच सुरुवात करतो, कारण आमचा तपासही त्याच वळणाचा असतो. विमान देखभाल अभियंता म्हणून माझी बहुतेक नोकरी लहान विमानांवर गेली, आणि दोनदा अपघाताच्या जागी तपास अधिकाऱ्यांच्या मदतीला जाण्याची वेळ आली. तेथे पहिले काही तास कुणी कशालाही हात लावीत नाही. आधी छायाचित्रे आणि मोजमापे घेतली जातात, आणि विमानाची चार टोके शोधली जातात, म्हणजे नाक, दोन्ही पंखांची टोके आणि शेपूट. चारही टोके एकाच जागी सापडली, तर हवेत असताना विमानाचा कोणताही मोठा भाग सुटलेला नव्हता, एवढे पक्के होते. शेपटीचा तुकडा अर्धा किलोमीटर अलीकडे सापडला, तर पुढचा सगळा तपास त्या तुकड्याभोवती फिरतो.

त्यानंतर सगळ्यांचे लक्ष प्रोपेलरकडे जाते. इंजिन जोर लावीत असताना पाते जमिनीत घुसले, तर ते पिळवटते, त्याला इंग्रजी एस अक्षरासारखा बाक येतो, टोक कधी कधी पुढच्या बाजूला वळते, पुढच्या धारेला खोल खाचा पडतात आणि पात्याच्या रुंदीच्या दिशेने ओरखडे उमटतात. इंजिन थांबलेले किंवा अगदी मंद असेल, तर पाते पिळवटल्याशिवाय नुसते मागे वाकते, आणि कित्येकदा दोन पात्यांपैकी एक जवळजवळ सरळ राहते. मात्र इंजिन बंद असूनही वाऱ्याने प्रोपेलर फिरत राहू शकतो आणि तेव्हाही थोडेफार ओरखडे पडतात. म्हणून नुसत्या प्रोपेलरवरून निकाल देणारा मनुष्य मला कधी भरवशाचा वाटला नाही.

जमीन मऊ असेल, तर ती आणखी काही सांगते. फिरती पाती मातीत विळ्याने कापल्यासारखे ओळीने काप पाडीत जातात. दोन पात्यांचा प्रोपेलर मिनिटाला २,४०० फेरे घेत असेल, तर सेकंदाला ४० फेरे आणि ८० काप होतात. दोन कापांमधले अंतर ४० सेंटिमीटर भरले, तर विमान सेकंदाला ३२ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ११५ किलोमीटर किंवा ६२ नॉट वेगाने पुढे जात होते. फेऱ्यांचा आकडा दुसऱ्या कुठल्या तरी पुराव्यावरून मिळावा लागतो, पण तो मिळाला की शेतातल्या मातीत मोजपट्टी लावून शेवटच्या क्षणाचा वेग काढता येतो. हे काप पहिल्या पावसात किंवा बघ्यांच्या पायाखाली पुसले जातात. अपघाताच्या जागी दोरी बांधून लोकांना मागे सारणाऱ्या हवालदाराचे काम म्हणूनच मला मोलाचे वाटते.

मग इंजिन उचलून कार्यशाळेत आणतात. ते फार चेंगरलेले नसेल, तर स्पार्क प्लग काढून भोकावर अंगठा दाबायचा आणि क्रँकशाफ्ट हाताने फिरवायचा. प्रत्येक सिलिंडर अंगठ्याला फुंकर मारतो की नाही ते कळते. मॅग्नेटो सुटा करून फिरवतात आणि ठिणगी पडते का ते पाहतात. कार्ब्युरेटरची वाटी उघडून आतले इंधन बाटलीत घेतात. या विमानांचे पेट्रोल निळसर रंगाचे असते आणि पाणी त्याच्या तळाशी बसते. टाकीच्या झाकणाचे रबर जुने झाले असेल आणि विमान पावसात उघड्यावर उभे असेल, तर पाणी आत झिरपते. आजच्या सेसना १७२ मध्ये उड्डाणाआधी १३ ठिकाणांहून थोडे थोडे इंधन काढून पारदर्शक पेल्यात पाहण्याची सोय आहे, ती याचसाठी. यात एक फसगत असते. पेल्यात थोडे पाणी असेल, तर तळाशी थेंब दिसतो. पण पेला पूर्णच पाण्याने भरला, तर रेषा दिसत नाही, थेंब दिसत नाही, सगळे एकसारखे स्वच्छ दिसते आणि घाईतल्या माणसाला ते निर्मळ पेट्रोल वाटते. माझ्या हाताखालच्या मुलांना मी पेला पांढऱ्या भिंतीसमोर धरून रंग पाहायला आणि वास घ्यायला लावीत असे.

आता ‘मिनिटभरातच का’ याविषयी. इंधनाचा कॉक बंद राहिला, तरी नळीत आणि वाटीत उरलेल्या पेट्रोलवर इंजिन काही वेळ चालते. तेवढ्यात विमान धावपट्टीच्या टोकापर्यंत जाऊन उडूही शकते. टाकीच्या तळाशी साचलेले पाणी विमान सपाट असताना एका कोपऱ्यात पडून राहते आणि नाक वर झाले की निघण्याच्या नळीकडे सरकते. म्हणून कॉकचा दांडा कोणत्या स्थितीत सापडला, याची नोंद तो हलवण्याच्या आधी करतात. ज्या टँकरमधून इंधन भरले, त्यातले नमुने सीलबंद करतात आणि त्याच टँकरमधून इंधन घेतलेली इतर विमानेही तपासतात.

ब्लॅक बॉक्सबद्दल पुतण्याचे म्हणणे बरोबर आहे. उड्डाणाची माहिती नोंदवणाऱ्या यंत्राची आंतरराष्ट्रीय सक्ती साधारणपणे ५,७०० किलोंपेक्षा जड विमानांसाठी आहे, आणि सेसना १७२ भरलेले असतानाही १,२०० किलोंच्या आत राहते. परंतु अलीकडच्या विमानांत घड्याळांच्या जागी पडदे असतात, आणि त्यांपैकी अनेकांच्या मेमरी कार्डावर वेग, उंची, इंजिनाचे फेरे, इंधनाचा प्रवाह यांची दर सेकंदाला नोंद होते. तुमच्या पुतण्याच्या संस्थेतील विमान त्या प्रकारचे होते का, हे त्याला विचारा. जुन्या घड्याळांचे विमान असले, तरी आघाताच्या क्षणी काटा तबकडीवर आपटून कधी कधी बारीक खूण सोडून जातो. इशारा देणारे दिवेही साक्ष देतात. दिवा पेटलेला असेल, तर त्याची तापलेली तार धक्क्याने ताणून लांबते, आणि विझलेला असेल तर थंड तार नुसती तुटते.


पाचपाखाडी

मी ठाण्यात वकिली करतो, म्हणून फक्त कायद्याच्या बाजूने थोडे लिहितो. अशा अपघातात दोन कामे एकाच वेळी चालतात आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. स्थानिक पोलीस अकस्मात मृत्यूची नोंद करून पंचनामा करतात, मृतदेह शवविच्छेदनासाठी पाठवतात. हे काम पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली होत असे, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली होते. विमान का पडले, याचा तांत्रिक तपास मात्र नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखालील विमान अपघात अन्वेषण ब्युरोकडे, म्हणजे एएआयबीकडे असतो. हा ब्युरो २०१२ मध्ये स्थापन झाला. त्याआधी डीजीसीएच, म्हणजे ज्या खात्याने परवाने द्यायचे आणि नियम पाळले जातात की नाही ते पाहायचे तेच खाते, अपघाताचाही तपास करीत असे. ही अडचण ओळखूनच दोन्ही कामे वेगळी केली गेली.

नागरी विमान वाहतुकीविषयीच्या आंतरराष्ट्रीय शिकागो कराराच्या तेराव्या परिशिष्टात या तपासाचा एकमेव हेतू पुढचे अपघात टाळणे हा सांगितलेला आहे. दोष किंवा दायित्व ठरवणे हे त्या तपासाचे काम नव्हे. प्राथमिक अहवाल ३० दिवसांत आणि अंतिम अहवाल शक्य तर १२ महिन्यांत द्यावा, असेही त्यात आहे. १२ जून २०२५ च्या अहमदाबाद दुर्घटनेचा प्राथमिक अहवाल बरोबर महिन्याने, १२ जुलैला प्रसिद्ध झाला, हे अनेकांना आठवत असेल. त्यात घडलेल्या गोष्टी होत्या आणि कारणाचा निष्कर्ष नव्हता, तरीही दूरचित्रवाहिन्यांनी त्याच रात्री निष्कर्ष काढून टाकले. विमान आणि इंजिन परदेशी बनावटीचे असेल, तर त्या देशाच्या तपास यंत्रणेचा प्रतिनिधी बसतो आणि उत्पादकाचे तज्ज्ञ त्याचे सल्लागार म्हणून येतात. सेसनाचे इंजिन उघडताना अमेरिकन माणूस दिसला, तर त्यात संशय घेण्यासारखे काही नाही.


घोडबंदर

वरील माहिती उत्तम आहे, तरी एक शंका स्पष्टपणे मांडतो. यांतून अखेर निघते काय, तर ‘मानवी चूक’. मेलेला वैमानिक उत्तर द्यायला येत नाही, त्यामुळे उत्पादक सुटतो, संस्था सुटते आणि देखभाल करणाराही सुटतो. २८ जून २०१८ रोजी जुहूहून चाचणी उड्डाणासाठी निघालेले किंग एअर विमान घाटकोपरला कोसळले, त्या वेळी मी त्या भागात नोकरीला होतो. विमानातील चौघे आणि रस्त्याने जाणारा एक पादचारी गेला. जेवणाच्या सुट्टीत आमच्या कचेरीत पाच जणांनी पाच कारणे सांगितली, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्यांचे ‘वैमानिकानेच चूक केली असणार’ यावर एकमत झाले होते. कुणाकडेही एकाही गोष्टीचा पुरावा नव्हता.


जुना एएमई, कोपरखैरणे

घोडबंदरकर, आपला राग मला समजतो आणि तो अगदीच निराधारही नाही. परंतु चांगला तपास ‘मानवी चूक’ या दोन शब्दांपाशी थांबत नाही. दोन उदाहरणे देतो.

सेसना विमानांच्या पुढच्या आसनाखाली दोन रूळ असतात. त्यांत ओळीने भोके असतात आणि आसनाची पिन हव्या त्या भोकात बसते. वर्षानुवर्षे पुढे-मागे सरकवून भोके झिजतात, पिन अर्धवट बसते आणि खटका तर ऐकू येतो. विमान उड्डाणासाठी वेग घेऊ लागले, नाक वर झाले, की आसन सुटून मागे घसरते. वैमानिकाचे पाय पेडलपासून सुटतात, आणि तोल सावरण्यासाठी हाताशी जे असते ते तो धरतो. हाताशी सुकाणू असते. ते मागे ओढले गेले की नाक आणखी वर जाते, आणि तेही जमिनीपासून शे-दीडशे फुटांवर. बाहेरून पाहणाऱ्याला दिसते एवढेच, की वैमानिकाने विनाकारण नाक उभे केले. असे अपघात झाल्यावर अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने १९८७ मध्ये रूळ आणि पिना ठराविक काळाने मोजून तपासण्याचा सक्तीचा आदेश काढला आणि २०११ मध्ये त्याची जागा नव्या आदेशाने घेतली. अवशेषांत तपास करणारा त्या रुळावर भिंग घेऊन बसतो. पिन भोकात पक्की असेल, तर धडकेच्या जोराने त्या भोकाची कड दबून लांबट होते. एकही भोक लांबट नसेल, तर पुढचा प्रश्न वैमानिकाला नव्हे, तर देखभालीच्या वहीला विचारला जातो, म्हणजे आमच्यासारख्यांना. या प्रश्नाच्या भीतीने मी माझ्या नोकरीत किती रूळ मोजले, त्याची गणतीच नाही.

दुसरे उदाहरण मोठ्या विमानाचे आहे, पण प्रसंग तोच. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेत ओहायोतील राइट फील्डवर बोइंगचे मॉडेल २९९ हे बॉम्बफेकी विमान उडाले, नाक फार वर गेले, आणि विमान थोड्याच उंचीवरून खाली आले. इंजिने ठीक होती. जमिनीवर उभे असताना वाऱ्याने शेपटीची, नाक वर-खाली करणारी झडप आपटू नये म्हणून लावलेली कडी काढायची राहिली होती. विमान चालवणारे नवखे नव्हते, निष्णात चाचणी वैमानिक होते. दोघांचा मृत्यू झाला. ‘निष्काळजीपणा’ असे लिहून ते प्रकरण मिटवता आले असते. त्याऐवजी माणसाच्या स्मरणशक्तीवर एवढा भार टाकू नये असे ठरले आणि उड्डाणापूर्वी कागदावरची यादी वाचण्याची पद्धत रूढ झाली. आज तळोजाकरांच्या पुतण्याच्या मांडीवर असते ती तपासयादी तिथून आली.

त्या झडपेपर्यंत जाणाऱ्या तारेच्या दोरांकडेही असेच बारकाईने पाहतात. दोर आपटण्याच्या जोराने तुटला असेल, तर त्याचे टोक केरसुणीसारखे विसकटलेले दिसते. आधीपासून झिजत आलेला असेल, तर काही तारा चपट्या, गंजलेल्या आणि एका पातळीत संपलेल्या दिसतात. कार्यशाळेत दोर उलटसुलट जोडले गेले नव्हते ना, हेही एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हाताने चाचपून पाहतात. हे आमच्या व्यवसायातले न बोलण्याचे दुखणे आहे, पण असे घडलेले आहे.


नेरूळकर

तळोजाकर काका, ‘धावपट्टी मागेच होती, मग वळले का नाहीत’ या प्रश्नावर कुणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. मी काही वर्षे प्रशिक्षक होतो. नवा विद्यार्थी आला, की त्याच्याकडून मला सर्वांत आधी हाच प्रश्न अपेक्षित असे.

पाम बीच मार्गावर गाडी उलट वळवली, तर आपण दुभाजकाच्या पलीकडच्या मार्गिकेत येतो, म्हणजे फार तर दहा-पंधरा मीटर बाजूला. विमानाचे तसे होत नाही. ६५ नॉट वेगाने जाणारे विमान ३० अंश कलवून अर्धे वर्तुळ फिरले, तर त्या वर्तुळाचा व्यास जवळजवळ ४०० मीटर भरतो. म्हणजे तोंड धावपट्टीच्या दिशेने झाले, तरी धावपट्टी ४०० मीटर बाजूलाच राहते. तिच्यावर यायचे तर अर्ध्या वर्तुळाहून जास्त वळून पुन्हा उलट वळावे लागते. नुसते अर्धे वर्तुळ पुरे करायला १८ ते १९ सेकंद लागतात. इंजिनाशिवाय सेसना साधारण नऊ फूट पुढे जाताना एक फूट खाली येते, आणि कलल्यावर त्याहून वेगाने येते. त्यात ‘इंजिन गेले’ हे मनाला पटायला लागणारी तीन-चार सेकंदे मिळवा. पाच-सहाशे फुटांवर असलेल्या माणसाच्या हाती शिल्लक काहीच राहत नाही. शिवाय उड्डाण वाऱ्याच्या तोंडावर केलेले असते, त्यामुळे वळल्यावर तोच वारा पाठीमागून येतो.

याहून मोठी अडचण वेगाची आहे. पंखावरून हवा पुरेशा वेगाने वाहिली नाही, किंवा पंखाचा हवेशी असलेला कोन मर्यादेबाहेर गेला, की पंख विमान उचलून धरण्याचे सोडून देतो. यालाच आम्ही स्टॉल म्हणतो. मोटार बंद पडण्याशी त्याचा काहीही संबंध नाही, इंजिन पूर्ण जोरात असतानाही स्टॉल होतो. सपाट उडताना ज्या विमानाचा स्टॉल ५० नॉटला होतो, तेच विमान ४५ अंश कलवून वळताना ६० नॉटच्या आसपास आणि ६० अंश कलवले तर ७० नॉटला स्टॉल होते. आता चित्र डोळ्यांसमोर आणा. चढताना नाक वर आहे, इंजिन गेले, वेग दोन-तीन सेकंदांत घसरतो. अशा वेळी सुकाणू पुढे ढकलून नाक खाली करायचे असते. पण समोर जमीन वर येताना दिसत असताना सुकाणू पुढे ढकलायला कुणाचाही हात धजत नाही. हात ते मागे ओढतो. धावपट्टी गाठण्यासाठी वळण आणखी कडक होते. आतल्या बाजूचा पंख आधी सुटतो, विमान त्या अंगावर उलटते आणि एवढ्या उंचीवर ते सावरायला जागा उरत नाही.

म्हणून इंजिन बंद पडणे हे कारण आहे असे मी कधी मानत नाही. इंजिन बंद पडलेले सेसना समोरच्या शेतात ५० ते ६० नॉटने सरळ उतरले, तर विमान मोडते, पण माणसे बहुधा चालत बाहेर येतात. तपास करणाऱ्याला दोन वेगळी उत्तरे शोधावी लागतात. इंजिन थांबले असेल तर का थांबले, हे एक, आणि विमान ताब्याबाहेर का गेले, हे दुसरे. पहिले सापडले तरी दुसरे सुटत नाही. जागेवर याचाही माग मिळतो. नियंत्रणात असताना उतरलेले विमान लांबवर खरडत गेलेले दिसते. स्टॉल होऊन पडलेले विमान आखूड जागेत, नाकावर, जवळजवळ खड्ड्यात बसल्यासारखे सापडते, आणि झाडांच्या फांद्या तुटण्याचा कोन मोजला की उतरण्याचा कोनही कळतो.

एक बारीकशी भर घालतो. कोकणातल्या दमट हवेत, बाहेर पंचवीस-तीस अंश उष्णता असतानाही, कार्ब्युरेटरच्या गळ्यात बर्फ धरू शकतो, कारण इंधनाची वाफ होताना आणि हवा फाकताना तेथील तापमान वीस अंशांहून अधिक उतरते. पूर्ण जोरावर हे क्वचित होते, पण धावपट्टीच्या टोकाला रांगेत बराच वेळ इंजिन मंद ठेवून उभे राहिले, तर बर्फ जमून बसतो. हा बर्फ अपघातानंतर वितळून जातो. पुरावा म्हणून तो कुणालाही सापडत नाही, सापडतात फक्त त्या दिवसाच्या हवामानाचे आकडे.

पुतण्याला माझ्याकडून सांगा, की प्रशिक्षक शेजारी असतानाही हे घडते, कारण विद्यार्थ्याच्या हातून सुकाणू आपल्याकडे घेण्यात एक-दीड सेकंद जातो. मी स्वतः एकदा तो उशीर अनुभवला आहे. आम्हांला उंची पुरली.


तळोजाकर

सर्वांचे मनापासून आभार. पुतण्याला बाजूला बसवून सगळे वाचून दाखवले. रुळांचा भाग ऐकताना तो पहिल्यांदा बोलला. उड्डाणाआधी आसन दोनदा मागे ढकलून पाहायची त्याच्या प्रशिक्षकांची सवय होती, आणि मुले त्यावरून हसत असत, असे तो म्हणाला. गेलेले प्रशिक्षक तेच होते, हे मला तेव्हा समजले. विमान जुन्या घड्याळांचे होते, त्यामुळे मेमरी कार्ड नाही.

आता एकच विचारायचे राहिले. त्या ११ सेकंदांच्या चित्रफितीत विमान झाडांमागे आहे, दिसत जवळपास काहीच नाही, पण आवाज आहे. त्याचा कुणाला उपयोग होईल का?


जुना एएमई, कोपरखैरणे

होईल, आणि कदाचित सगळ्यांत जास्त. वर मी मातीतल्या कापांचा हिशेब दिला, तोच हिशेब आवाजाला लागू पडतो. दोन पात्यांचा प्रोपेलर मिनिटाला २,४०० फेरे घेत असेल, तर पाती सेकंदाला ८० वेळा हवा कापतात आणि ८० हर्ट्झचा स्वर उमटतो. चार सिलिंडरचे इंजिनही त्याच फेऱ्यांवर सेकंदाला ८० वेळाच धडाडते, त्यामुळे तो स्वर ठळक असतो. ध्वनीचे पृथक्करण करणाऱ्या संगणकावर तो आडव्या रेषेसारखा दिसतो. इंजिन मंदावले की रेषा खाली येते, तुटक चालले की ती थरथरते. विमान जवळ येताना स्वर चढतो आणि दूर जाताना उतरतो, म्हणून चित्रीकरण कुठे उभे राहून केले ते ठिकाण मोजून तेवढी दुरुस्ती करावी लागते. शिवाय प्रत्यक्षदर्शींनी सांगितलेले ‘इंजिन फटफटत होते’ हे वाक्य या रेषेशेजारी ठेवून पाहता येते. डोळ्यांनी पाहिलेले लोक प्रामाणिकपणे सांगतात, पण घटनांचा क्रम त्यांच्या मनात पुढेमागे होतो. फोन क्रम बदलत नाही.

दोन गोष्टी सांभाळा. चित्रफीत येथे किंवा आणखी कुठेही टाकू नका. आणि व्हॉट्सअॅपवरून आलेली प्रत उपयोगाची नाही असे नव्हे, पण पाठवताना आवाज दाबला जातो आणि बारीक तपशील गळतो. ज्याने टिपली, त्याच्या फोनमधील मूळ फाइल लागेल. एएआयबीच्या तपास अधिकाऱ्याला तिच्याबद्दल लेखी कळवा आणि चित्रीकरण करणारा मनुष्य नेमका कोणत्या बांधावर उभा होता, तेही लिहा.


तळोजाकर

चित्रफीत टिपणारा शेतकरी सापडला. पुतण्याने काल संध्याकाळी तीन फोन करून त्याचा पत्ता लावला. मूळ फाइल अजून त्याच्या फोनमध्ये आहे, पण फोनची काच फुटल्यामुळे तो येत्या रविवारी जुना फोन देऊन नवा घेणार होता. त्याला थांबायला सांगितले आहे. तपास अधिकाऱ्यांना ईमेल गेला आणि आज दुपारी त्यांचे उत्तरही आले. ते स्वतः माणूस पाठवून फोन ताब्यात घेणार आहेत, आणि तोवर फाइल कुणी उघडूही नये असे त्यांनी लिहिले आहे.

पुतण्याने आपल्याजवळची प्रत पुसली नाही. मात्र इअरफोन दिवाणखान्यातच टाकून तो पनवेलला गाडीचे आरक्षण करायला गेला आहे. सोमवारी संस्थेत परत हजर व्हायचे म्हणतो.